अक्का, आधी कान दाखवा

जुळे सोलापूर,
६ ऑगस्ट २०२५

ती. दानम्मा अक्कांस,
कमळाचा शरणु शरणार्थी.

आम्ही सगळे बरे आहोत. यांची शुगर ताब्यात आहे, गुडघे मात्र ताब्यात नाहीत. नळाला पाणी अजून चार-पाच दिवसांआडच येतंय. तुमच्याकडं शिवानंद, धनलक्ष्मी खुशाल असतील. खुशाली संपली. आता मुद्द्यावर येते, कारण माझ्या पोटात शनिवारपासून नुसती आग पडलीय.

एकाच गावात राहणाऱ्या दोन जावांनी एकमेकींना पत्र लिहायचं म्हणजे लोक हसतील. हसू देत. फोन केला तर धनलक्ष्मी उचलते, व्हॉट्सअॅपवर लिहिलं तर आधी तीच वाचते. जावाजावांचं भांडण सुनेपुढं कशाला? म्हणून पाकीट चिकटवून यांच्या हाती पाठवतेय. यांनाही आत काय आहे ते सांगितलेलं नाही. "पुरणाचं प्रमाण लिहून दिलंय," म्हटलं.

अक्का, शनिवारी तालमीला मठात अख्खं भजनी मंडळ बसलेलं असताना तुम्ही मला म्हणालात, "कमळे, तुझा आवाज बसला. पोकळ लागायलाय. या श्रावणात रेश्मा पुढं बसू दे." मी म्हटलं, अक्का, असं कसं? तर तुम्ही शिवानंदनं बेंगळुरूहून आणलेले ते इयरफोन डबीतून काढलेत, माझ्या कानात कोंबलेत आणि म्हणालात, "ऐक की तूच. माझ्यावर विश्वास नसंल तर स्वतःच्या कानावर ठेव."

मी ऐकलं. तुमच्या फोनवर आदल्या सोमवारचं माझंच पद. आणि अक्का, खरंच तो आवाज कुणीतरी पिंपात तोंड घालून गावं तसा येत होता. खर्ज नाही, धार नाही, शब्द सुद्धा नीट कळेना. निंगव्वा पेटीवर हात ठेवून खाली बघत बसली. रेश्मा उठली आणि माझ्या जागेवर जाऊन बसली. तिचा काय दोष, पोरगी गुणी आहे, पण गाते म्हणजे पत्रे वाजवते! बाकीच्या बायका माझ्याकडं बघत होत्या, जसं मयताला आल्यात. इयरफोनची ती बोंडकं माझ्या कानातच राहिली, डबी हातात राहिली आणि मी तशीच रिक्षात बसून घरी आले.

दोन दिवस मी बोलले नाही. ज्येष्ठमध चघळला, मिठाच्या गुळण्या केल्या, हे म्हणाले "दूरदर्शन बंद पडलं काय," तरी बोलले नाही. सोमवारी मठात तुम्ही सगळ्या गायलात तेव्हा मी मागं खांबाला टेकून नुसती टाळ धरून बसले होते. तुम्ही वळून एकदा तरी बघितलंत? मंगळवारी उठून सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. त्यांनी घशात आरसा घालून बघितला, आ करायला लावलं, ई करायला लावलं. म्हणाल्या, "आजी, घसा एकदम छान आहे. तुम्ही गाता का?" गाता का! मला तिथंच रडू आलं.

मग त्यांनी कानही बघितले. म्हणाल्या, कान स्वच्छ आहेत, आता त्यात काही घालू नका. मी म्हटलं आमच्यात न्हाणं झालं की लसूण घालून कोमट केलेलं तेल सोडायची पद्धत आहे. तर त्या बाई अशा काही बघायला लागल्या की मीच ओशाळले. कानाचा मळ ही घाण नव्हे म्हणे, ते कानाचं राखण आहे, आपोआप बाहेर येतं. आपण तेल ओततो आणि वरून केसाचा आकडा, नाहीतर काडी घालून तोच मळ आत ठासतो. ठासून ठासून तो पडद्यापर्यंत जातो. बाहेरचा कान ओल्या फडक्यानं पुसायचा, बास, साकु. एवढंच करायचं.

घरी आले आणि ते तुमचे इयरफोन माझ्या फोनला जोडून परत कानात घातले. मनात आलं, मंडळाच्या ग्रुपवरनं आलेलं रेश्माचंही एक पद फोनमध्ये आहे, ते ऐकावं. ऐकलं. अक्का, तीही पिंपातच! पत्रे वाजवणारी पोरगी आणि तिचा आवाज गोधडीतून आल्यासारखा! मग म्हटलं थांब. फोनवरच रेडिओच्या बातम्या लावल्या. बातम्या देणारी बाईही पिंपात. सगळं सोलापूरच पिंपात बसलंय काय?

बोंडूक पदरानं पुसायला गेले तर त्याची रबरी टोपी हातात आली. आणि आत जे दिसलं ते मी लिहिणार नव्हते, पण लिहिते, कारण तुम्हीही माझं सगळ्यांपुढं काढलंत. टोपीच्या आत पिवळा, तेलकट मळ भरलेला. खालची ती बारीक जाळी, जिच्यातनं आवाज येतो, ती दिसतच नव्हती. लसणाचा वास सुद्धा येत होता. तुम्ही दर रविवारी न्हाऊन, कानात तेल सोडून, वर हे बोंडूक घालून प्रवचन ऐकत बसता. मग काय होणार? त्या जाळीतनं माझा आवाज कुठनं यायचा? आणि त्या मळाच्या जिवावर तुम्ही माझी इतक्या वर्षांची जागा काढून घेतलीत!

काय केलं ते नीट लिहिते, पुढं तुम्हालाही करावं लागेल. टोप्या काढून कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुतल्या आणि पंख्याखाली पार कोरड्या होईस्तोवर ठेवल्या. बोंडकाला पाणी अजिबात लावलं नाही. ते जाळीची बाजू खाली करून धरलं आणि नव्या, मऊ, कोरड्या ब्रशनं हळूहळू झाडलं, म्हणजे सुटलेला मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी घालायची नाही, जाळी फाटते. फुंकायचं नाही, तोंडाचा ओलावा आत जातो. डबीचा तळ सुद्धा कोरड्या फडक्यानं पुसला, तिथंही तुमचं तेल होतं. एकदा झाडून भागलं नाही, पुन्हा पुन्हा करावं लागलं. आणि यापुढं कानाला तेल लावून, नाहीतर न्हाणं झाल्या झाल्या ओल्या कानात हे घालायचं नाही. एकमेकींच्या कानातलं बोंडूक तर मुळीच घालायचं नाही. तुम्ही ते सगळ्या मंडळाच्या कानात फिरवलंत. देवाला काळजी म्हणून कुणाचा कान फुटला नाही.

मग माझं पद लावलं. अक्का, ती मीच होते. तशीच, जशी तुम्ही घडवलीत. खर्ज जागेवर, शब्द जागेवर. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं आणि भाकरी तव्यावर काळी झाली तरी हलले नाही.

शुक्रवारी मी हे इयरफोन घेऊन येतेय. तुम्ही ऐका. आणि ऐकून झालं की ज्या तोंडानं सगळ्यांपुढं "पोकळ" म्हणालात, त्याच तोंडानं सगळ्यांपुढं "चुकले" म्हणा. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी स्वामीजी येणार, अक्कलकोटकडचे लोक येणार. ती जागा माझी आहे. मी ती मागून घेणार नाही, तुम्ही द्यायची.

तुमची,
कमळा

ता.क. लसूण चटणीत घाला. तिथं शोभतो.


जुळे सोलापूर,
१२ ऑगस्ट २०२५

ती. दानम्मा अक्कांस,
शरणु शरणार्थी. आमच्याकडं सगळे ठीक.

शुक्रवारी तुमच्याकडची शेंगापोळी लई छान झाली होती. धनलक्ष्मीला सांगा, वेलदोडा थोडा कमी. तुम्ही यांच्यासाठी दोन दिल्यात, त्या मी तशाच बांधून आणल्या, यांनी पिशवीतूनच वास ओळखला. तुमच्या हातचीच की सुनेच्या, ते मात्र यांना कळलं नाही.

काल सोमवारीही मी मठात आले होते. मागंच बसले. गर्दी बरी होती. रेश्मा चांगली गायली, मी खोटं कशाला बोलू. निंगव्वाच्या पेटीचा एक सूर चिकटतो, तो नवी पेठेतल्या त्या पेटीवाल्याला दाखवायला हवा. प्रसादाची खीर थोडी पातळ होती.

बघा, कागद निम्मा भरला आणि मी खिरीवर आले. शुक्रवारपासून हे असंच चाललंय. लिहायला बसते आणि वेलदोडा लिहून उठते. आता लिहिते.

शुक्रवारी तुमच्या दिवाणखान्यात धनलक्ष्मी आणि रेश्मा दोघी बसलेल्या. मी मोठ्या तोऱ्यात डबी काढली. माझ्या हातानं तुमच्या कानात दोन्ही बोंडकं घातली आणि म्हटलं, आता ऐका अक्का. फोनवर बोट लावलं आणि तुमच्या तोंडाकडं बघत बसले. तुम्ही डोळे मिटलेत. मांडीवर बोटांनी ठेका धरलात. मान हळूहळू डोलायला लागली. एकदा तर तुम्ही ओठांनी शब्द सुद्धा म्हटलेत. मला वाटलं, झालं, पटलं अक्कांना. आता डोळे उघडतील आणि माझा हात धरतील.

आणि मी सहज खाली फोनकडं बघितलं. गाणं लागलंच नव्हतं.

माझं बोट नीट पडलं नव्हतं, अक्का. तो लावायचा त्रिकोण तसाच दिसत होता. काटा सुरुवातीलाच उभा. मी मुद्दाम नाही केलं, माझ्या नातवंडांची शपथ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत, दोन्ही बोंडकं काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "साफ केलीस ते बरं केलीस, कमळे. पण आवाज तसाच. पोकळच लागायलाय."

रेश्मा माझ्याकडं दयेनं बघत होती. धनलक्ष्मी चहा ओतत होती. मी "बरं अक्का" म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला, पोळ्या घेतल्या आणि निघाले. त्या दोघी नसत्या तर त्याच घडीला तुमच्या पदराला धरून विचारलं असतं. सुनेच्या आणि त्या पोरीच्या समोर मी ते बोलणार नव्हते, म्हणून गप्प बसले. रिक्षावाला म्हणाला, आजी काय झालं, रडायलाव कशाला? त्याला सांगितलं, कानात कचरा गेलाय.

अक्का, तुम्ही न ऐकता मला पोकळ म्हणालात! एक अक्षर कानावर पडलेलं नसताना! माझ्यावर रुसायचं होतं तर रुसायचं होतं, माझी खीर पातळ म्हणायची होती, माझ्या माहेरच्या वळसंगच्या लोकांना नावं ठेवायची होती, सगळं गिळलं असतं. पण सूर? माझ्याकडं दुसरं काय आहे? शिकले नाही, नोकरी केली नाही, घर सोडून कुठं गेले नाही. लोक मला ज्या एका गोष्टीसाठी ओळखतात तीच तुम्ही हातानं पुसून टाकलीत, आणि वर मान डोलावलीत. मला इतका राग आलाय अक्का, की परवा भाकरी थापताना परात फुटते की काय असं झालं.

आणि मग तीन-चार रात्री लोळत पडून सगळं आठवत गेलं. कधीपासून तुम्ही टीव्ही असा लावता की रस्त्यावरनं बातम्या कळतात? शिवानंद म्हणाला आई मोठ्यानं बोलायला लागलीय, तेव्हा आपण हसलो. मागून हाक मारली तर तुम्ही वळत नाही आणि धनलक्ष्मी म्हणते सासूबाई आखडल्या. फोनवर मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "हो हो, करू की" म्हणता. गेल्या महिन्यात मी म्हटलं यांना दवाखान्यात ठेवलंय, तर तुम्ही म्हणालात, "हो हो, छान झालं." मी आठ दिवस त्याचा राग धरला! कुणाला काय सांगू?

आणि रेश्मा का, तेही आता कळलं. तिचा आवाज तेवढा तुमच्यापर्यंत पोचतो. माझा पोचत नाही. मी खर्जात गाते, सावकाश गाते, तुम्हीच तसं शिकवलंत. तो तुम्हाला बारीक बारीक होत गेला आणि तुम्हाला वाटलं कमळी विझली. का वाटलं तसं, अक्का? स्वतःचा कान विझला असेल असं एकदाही का वाटलं नाही? की वाटलं होतं? शुक्रवारी डोळे मिटून ठेका धरलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं. त्या क्षणी तरी तुम्हाला माहीत होतं की कानाला काही ऐकू येत नाहीये. तरी तुम्ही बोललात. ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

काल काय झालं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. पद संपलं, निंगव्वानं पेटी थांबवली, रेश्मानं हात जोडले आणि तुमची टाळ चालूच होती. एकटी. सगळा मठ गप्प आणि तुमची टाळ. मग तुम्ही बायकांची तोंडं बघितलीत आणि थांबलात. पुढच्या बायांना वाटलं अक्कांची तंद्री लागली. पण दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या, मी बघितलं. त्यातल्या एकीला मी बाहेर चपला घालताना असं काही सुनावलं की ती महिनाभर मठात यायची नाही. येत्या सोमवारी स्वामीजी समोर असतील. तेव्हा हसणाऱ्या दोघी-तिघी राहणार नाहीत. कुणाकुणाचं तोंड मी बंद करू?

म्हणून मी डॉक्टरीणबाईंची गुरुवारची वेळ घेतलीय. तुमच्या नावानं घेतली नाही, माझ्या नावानं घेतलीय. धनलक्ष्मीला सांगणार आहे की नवी पेठेत परकराचं कापड बघायला जातोय. कदाचित नुसता मळ असेल, इतक्या वर्षांचा तेलात मुरून दगड झालेला. त्या काढून देतात, मी विचारलंय. तेवढ्यानं कान मोकळा झाला तर आनंदच. नाही झाला तर यंत्र लावायचं. त्यात काय लाजायचं? चष्मा लावलात तेव्हा कुणी तुम्हाला मंडळातनं काढलं नाही. यंत्राची जाळी मी पुसून देत जाईन, आता मला तेवढं येतं. घरचं कुणी विचारलं तर मी उत्तर देईन. तोवर कानात आकडा घालू नका. तेल घालू नका. काहीही घालू नका, मी हात जोडते.

गुरुवारी दहाला मी रिक्षा घेऊन खाली उभी असेन. आला नाहीत तर वर येईन आणि दारातच उभी राहून सगळं बोलेन, तुमची बाळीवेस अख्खी ऐकेल इतक्या मोठ्यानं. मग तुम्हालाही ऐकू येईल.

जागेचं म्हणाल तर, मागच्या पत्रात मी ती मागितली होती. आता ते परत घेते. येत्या सोमवारी तुम्ही मला पुढं बसायला सांगितलंत तरी मी बसणार नाही. राग म्हणून नव्हे. अक्का, मी वळसंगहून आले तेव्हा मला मराठी धड येत नव्हती, सासरी कुणाशी बोलायची भीती वाटायची. तुम्ही म्हणालात, बोलू नको, गा. तेव्हापासून गाताना मी देवाकडं बघितलेलं नाही, स्वामीजींकडं नाही, लोकांकडं नाही. तुमच्या तोंडाकडं बघते. तुमची भुवई हलली की मी सूर सावरते, तुमचा चेहरा निवला की मला कळतं जमलं. लोकांना वाटतं मी त्यांच्यासाठी गाते. मी आजपर्यंत एकाच माणसाच्या कानात गायलेय, आणि त्या कानात मी आता पोचत नाही. मग पुढं बसून करू काय?

तुमच्यावर भयंकर रागावलेली, आणि गुरुवारपर्यंत तोंडातनं एक सूरही न काढणारी,
तुमची कमळी